चाचणीपुरती तक्रार

२ जुलै, मंगळवार

निवृत्त झाल्यावर लोक आपल्याला दोनच कामांसाठी बोलावतात: कुणाच्या तरी षष्ट्यब्दीला जेवायला आणि कुठल्या तरी समितीवर. जेवणाला निदान पायसम तरी असतं.

आज सकाळी निवृत्त न्यायाधीश विजयराघव आले. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी सरकारने महिला पोलीस ठाणं, मदत केंद्र, संरक्षण अधिकारी, फोनवरची मदत अशा सोयी केल्या आहेत. त्या आपल्या गावात खरोखर चालतात का, हे नागरिकांच्या समितीने तपासून कळवायचं आहे. "सीतालक्ष्मी अम्मा, तुमच्याइतकं कडक कोण तपासणार?" म्हणाले. गौरव होता की टोमणा, ते विचारलं नाही. हो म्हटलं.

दुपारी बस स्टँडवर जाऊन आले. मदतीच्या फोनची पाटी आहे. तिच्यावर रेशमी साड्यांच्या सेलचं पोस्टर. शेवटचा आकडा तेवढा दिसतो. मार बसलेल्या बाईने आधी साडी घ्यायची आणि मग अंदाजाने नंबर लावायचा, अशी योजना असावी. पोस्टर नखांनी खरवडून काढलं. दुकानदार ओरडला, मीही ओरडले. माझा आवाज मोठा निघाला.

हेमंत संध्याकाळी हे ऐकून खूप हसला. "आत्या, आता या गावातल्या नवऱ्यांचं काही खरं नाही." हेमंत माझ्या भावाचा मुलगा. आई गेली तेव्हा लहान होता, तेव्हापासून माझाच. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. एकादशीला मरुदानल्लूरच्या मठात भजनाला बसतो, अभंग म्हणताना डोळे भरून येतात त्याचे. तो आणि त्याची बायको शरण्या वरच्या मजल्यावर राहतात, मी खाली. आमच्या या नदीकाठच्या मेलकावेरीत इतकं शांत घर दुसरं नसेल. कधी कधी संध्याकाळी तो वर टीव्हीवर भजन मोठ्याने लावतो, तेवढाच काय तो आवाज. मी खाली बसून ऐकते. बरं वाटतं.

५ जुलै, शुक्रवार

महिला पोलीस ठाण्यात गेले. खुर्ची आली, पंखा माझ्याकडे वळला, पितळी वाटीसारख्या डवऱ्यातून कॉफी आली. इन्स्पेक्टरबाई उभ्या राहून बोलत होत्या. सगळं उत्तम आहे म्हणाल्या. कागदोपत्री असणारच. समितीची बाई आली म्हटल्यावर कोण वाईट वागेल?

पोस्टात अधीक्षक म्हणून मी उगाच निवृत्त झाले नाही. आम्ही चाचणीचं पत्र टाकायचो. साधं पाकीट, खरा पत्ता, आणि वाटेत कुठे कसं अडतं ते गुपचूप बघायचं. पोस्टमनला कळलं की चाचणी संपली. इथेही तेच हवं. चाचणीपुरती एक तक्रार.

पण तक्रार करणार कोण? मी जाऊ शकत नाही. विधवेला मारणारा नवरा कोठून आणू?

हे मी स्वयंपाकघरात मोठ्याने बोलत होते. शरण्या शेवग्याच्या शेंगा मोडत होती. म्हणाली, "मी जाऊ का आत्या?"

"तू? उंदीर दिसला तरी ओरडता येत नाही तुज, तू काय नाटक करणार गे?"

"करीन."

मग बराच वेळ शेंगाच मोडत बसली. शेवटी विचारलं, "नाव खरे द्यायचे?"

"तर काय! चाचणीच्या पत्रावर पत्ता खराच लागतो."

"यांना सांगू नका, आत्या. हसतील."

कोणालाच सांगायचं नाही, हा नियमच आहे. फक्त विजयराघवांना आधी कळवून ठेवलं, नाहीतर खोट्या तक्रारीचा ठपका आमच्यावरच यायचा.

हिला जमेल की नाही, शंकाच आहे. तिरुविडैमरुदूरची, आमच्यातलीच, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरातली मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा बडबडी होती. आता गप्प गप्प, आणि फार वेंधळी झाली आहे. परवा स्वतःचा मोबाइल पाण्याच्या टाकीत पाडला. दुसरा नवरा असता तर चिडला असता. हेमंत म्हणाला, "आता नवा कशाला? माझा आहे की." भाजीलासुद्धा तिला एकटी सोडत नाही. इतका जीव लावणारा नवरा घरात असताना हिला मार खाण्याचं सोंग कुठून सुचणार?

९ जुलै, मंगळवार

आज चाचणी झाली. शरण्याला मी आयुष्यात पुन्हा कधी मुकी म्हणणार नाही.

हेमंतला सांगितलं, मला डोळे तपासायला जायचंय, शरण्याला सोबत नेते. मदत केंद्र एका जुन्या सरकारी इमारतीत आहे. पाटी पुसट (एक गुण कापला). समुपदेशक म्हणून जननी नावाची मुलगी, केसात पेन खोचलेलं, टेबलावर मुरुक्कूची, म्हणजे इकडच्या चकल्यांची पुडी (गुण कापला नाही, आम्हालाही देऊ केले). मी म्हटलं, मी शेजारची बाई, सोबतीला आले.

आम्ही घरी सगळं बसवून घेतलं होतं. नवरा पितो, हुंड्यासाठी छळतो. मी लिहून दिलेलं. जननीने पहिलाच प्रश्न विचारला, "पितात का?" आणि ही म्हणते, "नाही. कॉफीसुद्धा बिनसाखरेची." मी टेबलाखालून पाय दाबला. उपयोग झाला नाही. त्यानंतर तिने माझं एकही वाक्य घेतलं नाही.

सगळं तमिळमध्ये. घरात आमच्या मराठीत दिवसाला चार वाक्यं बोलणारी ही मुलगी तमिळमध्ये थांबेचना. आमची मराठी देवघरातली आणि स्वयंपाकघरातली. असल्या गोष्टी तिच्यात बोलायची आमच्याकडे पद्धतच नाही, कदाचित त्यामुळे असेल. "आधी टीव्हीवर भजन लावतात," म्हणाली. "मग दार. तोंडावर कधी नाही. दंडावर, पाठीवर. खाली म्हातारं माणूस आहे, त्यांना कळू नये म्हणून."

म्हातारं माणूस! घरी गेल्यावर बघते, म्हटलं. पण मनातून थक्क झाले. आमचंच घर, आमचंच भजन घेऊन केवढं खोटं उभं केलं हिने! फक्त एक जागा जास्त झाली. "नंतर स्वतःच मलम लावतात," म्हणाली, "आणि लावताना रडतात." इथे मी असते तर हात आखडला असता. असा माणूस कोण खरा मानेल?

जननीने मानला. तिने पाणी दिलं आणि मला बाहेर बसायला सांगितलं. मला! मग लक्षात आलं, नियम तसाच आहे, तक्रारदाराशी एकट्यात बोलायचं. दोन गुण वाढवले. बाहेरच्या बाकावर इतका वेळ बसले की पाठ धरली.

शरण्या बाहेर आली तेव्हा डोळे लाल. रडलीसुद्धा! नाक्यावर रोझ मिल्क पाजलं. दोन ग्लास प्यायली. मोगऱ्याचा गजरा घेऊन दिला. म्हणाली, "आत्या, घरी जाताना थोडं सावकाश जाऊ या."

केंद्राला दहापैकी सात. शरण्याला नऊ. ठरलेलं सोडून बोलली म्हणून एक कापला.

१२ जुलै, शुक्रवार

जननीचा फोन आला, माझ्या मोबाइलवर. शरण्याने माझा नंबर दिला होता. घरी कोण कोण आहे, आत्ता बोलणं चालेल का, हे आधी विचारते. शाबास. आमच्या पोस्टातल्या काउंटरवर अशी एक मुलगी मिळाली असती तर माझा रक्तदाब वाढला नसता. शरण्या फोन घेऊन मागच्या अंगणात गेली आणि नारळाखाली उभी राहून पुष्कळ बोलली. काम अगदी मनावर घेतलंय पोरीने. या उकाड्यात अजून लांब बाह्यांचे ब्लाउज घालते. आता दिवाळीला मीच तिला चांगले शिवून देईन.

१६ जुलै, मंगळवार

चाचणी हाताबाहेर गेली.

संरक्षण अधिकाऱ्यांनी अहवाल तयार केला आहे. तो आता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाईल आणि हेमंतला नोटीस निघेल. शरण्याने हे सांगितलं ते तांदूळ निवडताना, वर न बघता.

"मग उद्याच जाऊन मागे घे," मी म्हटलं. "पत्र पोचतं हे कळलं, पुरे झालं. चाचणीचं पत्र आपण परत घेतो गे, संसार करायला नाही पाठवत!"

"राहू दे आत्या."

"राहू दे? माझ्या हेमंतचं नाव कोर्टात?"

"दोन दिवस राहू दे. एवढे ऐका माझे."

रस्त्यावर स्कूटर वाजली. हातातलं सूप तसंच ठेवून ती वर गेली.

कलावंतांचं हे असंच असतं. एकदा टाळ्या मिळाल्या की पडदा पाडवत नाही. उद्या एकादशी, हेमंत मरुदानल्लूरला जाईल. मीच केंद्रात जाऊन काय ते मिटवते.

१८ जुलै, गुरुवार

काल लिहू शकले नाही.

केंद्रात गेले. जननीला ओळखपत्र दाखवलं, मी समितीची, ही तक्रार चाचणीपुरती होती, रद्द करा. ती ओळखपत्राकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "अम्मा, ज्यांनी तक्रार दिली त्यांनाच ती मागे घेता येते. त्यांना येऊ दे."

"अगं, ते नाटक होतं!"

"तुम्ही त्यांच्या शेजारी बसला होता," ती म्हणाली. "तुम्हाला नाटक वाटलं?"

उद्धट कार्टी, म्हटलं. दोन गुण कापायचे असं वाटेभर घोकत रिक्षातून घरी आले आणि तावातावाने जिना चढले. गुडघ्यांमुळे मी वर जातच नाही. मला काही हवं असलं की हेमंत खाली आणून देतो.

दार बाहेरून कडी लावलेलं होतं. मी कडी काढली. शरण्या आत कपड्यांच्या घड्या घालत होती. दाराच्या आतल्या बाजूला कडीच नव्हती, स्क्रूची चार भोकं होती. बाहेरची कडी नवी, पितळी, आपल्याच बाजारातली.

"ही कोणी बसवली गे?"

तिने मला तमिळमध्ये उत्तर दिलं. या घरात, माझ्याशी. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. मी तिला थांबवलं नाही. पलंगावर बसून सगळं ऐकलं, केंद्रात ऐकलं होतं तेच, त्याच क्रमाने. मग तिने बाही वर केली.

काय बोलले आठवत नाही. तिला हात धरून खाली आणलं, एवढं आठवतं. हेमंत आल्यावर सांगितलं, हिच्या अंगात कणकण आहे, माझ्या खोलीत झोपेल. तो म्हणाला, "बरं आत्या. तू औषध घेतलंस का?" आणि प्रसादाची द्राक्षं माझ्या हातावर ठेवली. किती प्रेमाने ठेवली! तेच कळत नाही मला. प्रेम खोटं नव्हतं. ते खोटं असतं तर किती सोपं झालं असतं.

२० जुलै, शनिवार

नोटीस आली. सोमवारी संरक्षण अधिकारी घरी येऊन चौकशी करणार.

त्याआधीच विजयराघवांनी घोळ घातला. हेमंत त्यांना देवळात भेटला, तेव्हा हसत म्हणाले, तुझी बायको तर नटीच निघाली, आमच्या चाचणीत काय काम केलं! त्यांना वाटलं, पोराला गंमत वाटेल.

मी त्यांच्याकडे गेले, खरं काय ते सांगितलं. बिचारे पांढरेफटक पडले. मग न्यायाधीश जागा झाला त्यांच्यातला. "सीतालक्ष्मी अम्मा, तुम्ही मला आधी कळवलं होतं की ही तक्रार खोटी आहे. त्याचा वकील तेच धरून बसेल. ती टिकेल ती फक्त तुमच्या शब्दावर. ती खरी आहे असं तुम्हाला उभं राहून सांगावं लागेल, पुतण्याच्या समोर."

संध्याकाळी हेमंत माझ्या पायाशी येऊन बसला, लहानपणी परीक्षेच्या आधी बसायचा तसा. गुडघे चेपू लागला. "आत्या, तूच हा खेळ काढलास, तूच संपव. सोमवारी त्यांना एवढंच सांग, की चाचणी होती. ती जरा हळवी आहे ना, स्वतःच्याच नाटकात अडकली. मी तिला काही बोलणार नाही. तुझी शपथ."

त्याची बोटं माझ्या गुडघ्यांवर. मऊ बोटं. मी म्हटलं, "पुरे. दुखतंय."

तो म्हणाला, "नेहमी तर बरं वाटतं तुला."

आतल्या खोलीत शरण्या दिवा न लावता बसली होती. तिने सगळं ऐकलं. मला काही विचारलं नाही. मला वाटतं, माझ्याकडून तिला काही अपेक्षाच नव्हती, आणि हे मला बाहीखालच्या डागांपेक्षा जास्त लागलं.

२२ जुलै, सोमवार

संरक्षण अधिकारी मध्यम वयाच्या, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. सोबत जननी. हेमंतने स्वतः कॉफी केली, फेस आणून दिली. विजयराघव कोपऱ्यात बसले. शरण्या माझ्या खुर्चीच्या मागे उभी होती. बैस म्हटलं तरी बसली नाही.

हेमंत फार छान बोलला. कॉलेजात शिकवतो तसा, मुद्दे मांडून. समितीची चाचणी होती. न्यायाधीशसाहेबांना आधी कळवलं होतं. आत्या स्वतः बसल्या होत्या तिथे. "आत्यांनाच विचारा. पोस्टात असल्यापासून त्यांचा शब्द म्हणजे शिक्का."

सगळे माझ्याकडे बघू लागले.

लहानपणी बोर्डिंगच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नादेत आम्हाला उभं राहून उत्तर द्यायला लावायच्या. मी उभी राहिले. तमिळमध्येच बोलले, म्हणजे सगळ्यांना एकदम कळेल.

"चाचणी माझी होती. तक्रार तिची आहे."

कडीचं सांगितलं. दंडाचं सांगितलं. भजनाचं सांगताना आवाज गेला, कारण ते मी खाली बसून ऐकत होते. मग हेमंतकडे वळून मराठीत म्हटलं, "हे घर माझे. ती येथेच राहील. तू आज दुसरीकडे जा."

"आत्या, तू मला वाढवलंस."

"म्हणून तर सांगते रे. परका असतास तर पोलिसांनी सांगितलं असतं."

तो माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच त्याला मारलं. बॅग मीच भरली. शर्टांच्या घड्या घातल्या, त्याला लागते ती लिंबाच्या लोणच्याची बाटली ठेवली. शरण्या दारात उभी राहून बघत होती. मला तिची लाज वाटली, पण बाटली काढली नाही.

हेमंत आणि बाकीचे गेल्यावर जननी म्हणाली, "अम्मा, मुरुक्कू खाता?" आणि पुडी पुढे केली. आम्ही तिघींनी उभ्याउभ्या संपवली.

२९ जुलै, सोमवार

समितीतून मी नाव काढून घेतलं. स्वतःच्या घरचं प्रकरण असताना तपासणी करता येत नाही, एवढं मलाही कळतं. विजयराघव म्हणाले, निदान निरीक्षणं तरी द्या. दिली. पाटी रंगवा. बस स्टँडवरचा नंबर उंचावर लावा, साडीच्या पोस्टरचा हात पोचणार नाही इतका. सोबत आलेल्या बाईला बाहेर बसवण्याचा नियम कधीही सोडू नका, ती कितीही आवाज चढवो.

कोर्टाने हेमंतला या घरी यायला मनाई केली आहे, आणि समुपदेशनाला जायला सांगितलं आहे. तो मित्राच्या खोलीवर आहे. काल त्याचा फोन आला. मी उचलला, जेवलास का विचारलं. तो रडू लागला. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, तिकडे जाऊन रड, तिथे शिकलेली माणसं आहेत. आणि ठेवला. मग मी रडले. त्याला भेटणार आहे मी, पण इथे नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

आज आडिपेरुक्कू, नदीच्या नव्या पाण्याचा सण. कावेरीला पाणी आलं आहे. सगळ्या मेलकावेरीच्या बायका पिवळ्या दोऱ्या आणि चित्रान्नाचे डबे घेऊन घाटावर चाललेल्या.

शरण्या सकाळी न्हाऊन आली, अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घालून. डाग पिवळे पडले आहेत, अजून दिसतात. "नदीवर जाते," म्हणाली.

"कोण आहे सोबत?"

"कोणी नाही."

गेली. मी चिंचेचा भात, साखरभात केला, वाट बघत बसले. दुपार झाली. दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. तिचा नवा फोन स्वयंपाकघरातच वाजत होता, न्यायला विसरलेली. शेवटी आली, पैंजण भिजलेले, केसात ओली फुलं, हातात कुणाकडून तरी मिळालेला भाताचा डबा. पाणी बघत बसले होते म्हणाली. एवढा वेळ पाणी!

मी शांतपणे वाढलं, असं इथे लिहिणार होते. पण स्वतःच्या वहीत खोटं कशाला? चांगली तोंड सोडून बोलले. फोन कशाला घेऊन दिला, पूर आलाय कळत नाही का, माणसाने किती वाट बघायची, पाण्यात काय सिनेमा लावला होता का. पार रस्त्यावर ऐकू गेलं असेल.

ती समोर बसून जेवत होती. मी श्वास घ्यायला थांबले, तेव्हा ताट पुढे केलं.

"अजून थोडा साखरभात वाढा आत्या," म्हणाली, "आणि मग राहिलेलं बोला."